आत्याचे दात

६ नोव्हेंबर. उद्या रंगारी येणार म्हणून बाहेरच्या खोलीतले फोटो उतरवते आहे. रंग दिवाळीआधी व्हायचा होता, झाला नाही. फ्रेमांच्या मागे पालींची अंडी, कोळिष्टकं, एका ठिकाणी गांधीलमाशीचं जुनं घर. ओलं फडकं, कोरडं फडकं, वर्तमानपत्रात गुंडाळायचं, खोक्यात ठेवायचं. दुपारपर्यंत उरकेल असं वाटलं होतं.

उरकलं नाही. एका फोटोपाशी काम अडलं आणि संध्याकाळ झाली. आता खोली रिकामी आहे, भिंतीवर फोटोंचे फिकट चौकोन उरलेत, आणि समोर टेबलावर एक पितळी डबी आहे. त्या डबीत जे आहे ते इतकी वर्षं माझ्या घरात होतं, हे मला आज कळलं. ते सांगायचं तर आधी माझ्या मुलीच्या आजारपणाचं सांगायला हवं. तिच्या डॉक्टर मला म्हणाल्याच होत्या, लिहा, कोणाच्या तरी घरी हेच चाललं असेल.

वास

सुरुवात वासाने झाली. तन्वी तेव्हा नववीतून दहावीत गेली होती. घरात काहीतरी मेलंय असा वास यायला लागला. फ्रीज सरकवला, सोफा उलटा केला, माळा रिकामा केला. उंदराचं औषध टाकणाऱ्या माणसाला बोलावलं. तो गुडघ्यांवर सगळं घर फिरला आणि म्हणाला, "मॅडम, इथे काहीच नाही." त्याने नाक मात्र दाबून धरलं होतं.

वास एका जागी थांबत नव्हता, ही त्यातली विचित्र गोष्ट. सकाळी बेसिनपाशी, दुपारी दिवाणावर, कधी पडद्याला. आमचं घर नाहूरला, तीन छोट्या खोल्या. लपायला जागा ती केवढी! तरी तो वास लपत होता.

मी औषधांच्या एका गोदामात डिस्पॅच बघते. माल कमी पडला की आम्ही आधी माल शोधत नाही, त्या वेळी तिथे कोण होतं ते बघतो. मी घरातही तेच केलं. रविवारी तन्वी मॅचला गेली की वास नसायचा. ती आली की तासाभरात यायचा.

पुढे पुढे ती रविवारीही जाईना. तन्वी कबड्डी खेळायची, चढाईला पटाईत. तिचा दम आमच्या कॉलनीत प्रसिद्ध होता. अचानक पाय दुखतो म्हणून तिने खेळ सोडला. खरं कारण तिने मला खूप नंतर सांगितलं. "आई, मी कबड्डी कबड्डी करत समोर गेले की पोरी मागे सरकायच्या. मला वाटायचं घाबरतात. मग एक जण बोलली, आधी तोंड धुऊन ये."

गुणी मुलगी

ती बोलायची कमी झाली. बोललीच तर पाठ फिरवून, खिडकीकडे बघत. जेवताना घास मागच्या दाढेकडे ढकलायची. वडापावचे तुकडे तोडून खायची. हसताना तोंडावर हात.

घरात सगळ्यांना हे आवडलं. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मालवणकडच्या. परळच्या चाळीत संसार झाला, सासरे मिलमध्ये होते. त्या तर खूश. "आता कशी आमच्या घरातली दिसता!" म्हणायच्या. या घरातल्या बायका तोंड उघडून हसत नाहीत, पदर ओठांवर घेतात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मलाही शिकवलं होतं. दोन्ही हातांत भांडी असताना पदर कोण धरणार? मी सोडून दिलं. तन्वीला तर कोणी शिकवलंही नव्हतं.

एकदा मी दुपारीच घरी आले. आई दिवाणावर ताठ बसल्या होत्या, डोळे न्हाणीघराच्या बंद दाराकडे.

"ऐकतंस?" त्या पुटपुटल्या.

दारामागून गुणगुण येत होती. गाणं नव्हे. एकच सूर, सपाट, मध्ये श्वास न घेता. चालूच. भर दुपारी, पंखा बंद, खाली रस्त्यावर एक रिक्षा नाही.

"वन्सं," आई म्हणाल्या. "ती अशीच गुणगुणायची. तोंड मिटून."

वन्सं म्हणजे त्यांची नणंद, सासऱ्यांची बहीण. घरात सगळे तिला आत्या म्हणत. लग्न झालं नाही, भावाकडेच राहिली. मी या घरात येण्याआधीच वारली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण हातावर काटा आला हे खरं. मी दार वाजवलं. गुणगुण तुटली. कडी निघाली आणि तन्वी बाहेर आली.

"दम बघत होते," ती म्हणाली. कबड्डीचा दम. पण ओठ मिटून.

उशी

मग उशीच्या अभ्र्यावर डाग दिसायला लागले. गुलाबी, फिकट, गालाखाली. ब्रशवर रक्त यायचं म्हणून तिने ब्रश करणं कमी केलं होतं. हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश थांबवायचा नसतो, डॉक्टरकडे जायचं असतं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि हात तोंडासमोर धरून म्हणाली, "आई, माझे दात हलतायत."

आईंनी लगेच विचारलं, "सपनात की जागेपणी?" स्वप्नात दात पडले की घरातलं कोणी जातं, असं त्या मानतात.

"आजी, मी आत्ता झोपलेय का?"

मी तिला खिडकीपाशी नेलं आणि हात बाजूला करायला लावला. पुढच्या दोन दातांत फट पडली होती. वर्षापूर्वी तिथे दोरा जात नव्हता. दात शुभ्र, कीड नाही, दुखणं नाही. फक्त ते जागचे हलले होते. कोणी बघत नसताना रोज केसभर सरकत असावेत, तसे. आणि वास तिथूनच येत होता.

आईंनी मीठमिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, कोणाला ठसका लागला नाही. आईंचा चेहरा पडला. "बघ, केवढी मोठी दृष्ट ती!"

"आई, एक्झॉस्ट चालू आहे," मी म्हटलं.

हाड

गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांकडे आम्ही तारा लावायला म्हणून गेलो, फट बुजवायला. त्यांनी आधी एक्स-रे काढला. तोवर ते गप्पा मारत होते, दहावीचं वर्ष, क्लास कुठला वगैरे. फिल्म बघितली, मग पुन्हा बघितली. तारा लावल्या नाहीत. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात हिरड्यांच्या डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे आजच जा म्हणाले.

त्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्यासारख्याच घाईत बोलणाऱ्या. त्यांनी तीच फिल्म उजेडावर धरली. दातांची मुळं काळ्यात लटकत होती. खाली काही नाही. समुद्रातल्या जेट्टीचे खांब ओहोटीला दिसतात तशी.

"यात हाड कुठे आहे?" मी विचारलं.

"तेच दाखवतेय," त्या म्हणाल्या. "पुढच्या दातांपाशी आणि दाढांपाशी जवळजवळ संपलंय."

वयात येताना काही मुलांमध्ये हिरडीचा असा आजार सुरू होतो. वरून फारसं दिसत नाही, आत हाड झिजत जातं. यापेक्षा जास्त मला समजलं नाही आणि समजून मला काय करायचं होतं? मी विचारलं, दात वाचतील का? काही वाचतील, म्हणाल्या. लवकर आला असतात तर सगळे वाचले असते.

तन्वीने इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे मी नीट घासत नाही म्हणून नाही ना झालं?"

"नाही गं."

"म्हणजे मी घाणेरडी नाहीये."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "नाहीस." मग आमच्याकडे वळल्या. "हे बहुतेक घरातून येतं. वडिलांच्या किंवा आईच्या बाजूला कोणाचे दात लवकर पडलेत? विशीच्या आत?"

माझा नवरा सुधीर म्हणाला, "नाही. आमच्याकडे कोणाचे नाही." मी माझ्या माहेरची एकेक माणसं आठवली. नाही म्हटलं. आई हट्टाने बरोबर आल्या होत्या. त्या भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होत्या, पदर ओठांवर.

तोंडं उघडी

त्यानंतरचं वर्ष हॉस्पिटलच्या त्या लांब खोलीत गेलं. ओळीने खुर्च्या, ओळीने माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी आणि कोणीच बोलत नाही. लाळ ओढणाऱ्या नळ्यांचा सुस्कारा तेवढा. बाहेर बाकावर बसून ऐकलं की वाटायचं, खोली श्वास घेते आहे. हिरडीखालून साफसफाई, मग टप्प्याटप्प्याने छोट्या शस्त्रक्रिया. जागा बधिर करतात, पोरगी जागी असते. परत येताना अर्धा ओठ लोंबलेला, गालाला बर्फ. पेज, मऊ भात, गार दूध. दहावीची पुस्तकं मी बाकावर वाचून दाखवायची, तिने मान हलवायची.

घरात भांडणं झाली. सुधीर म्हणाला, तुझ्याच माहेरचं असणार. मी म्हटलं, माझी आजी ऐंशीव्या वर्षी ऊस खायची. सुधीरच्या धाकट्या भावाला, बोरिवलीला, तन्वीला तारा लावल्यात असं सांगितलं गेलं. आईंचं म्हणणं पडलं, पोरीची जात, कशाला बोभाटा. तन्वीच्या दातांची तन्वीलाच लाज वाटू नये म्हणून मी झगडत होते, आणि घर तिला लाज शिकवत होतं.

तरी बऱ्याच गोष्टी चांगल्याही घडल्या. वास गेला, तो पहिल्या साफसफाईनंतर काही दिवसांतच. तन्वीने स्वतः माझ्या तोंडासमोर 'हा' करून दाखवलं. मी ऑफिसला जाता जाता तिथेच खुर्चीवर बसले.

खालचा एक पुढचा दात वाचला नाही. डॉक्टरांनी तो काढला, त्याचं मूळ कापून टाकलं आणि वरचा भाग शेजारच्या दातांना मागून बारीक तारेने जोडून पुन्हा त्याच जागी बसवला. दिसायला फरक नाही. मुळाविना, नुसता टांगलेला. आईंना कळलं तेव्हा त्यांनी तन्वीची हनुवटी वर करून बघितलं. "मेलेलो दात? जित्या माणसाच्या तोंडात?"

"माझाच आहे गं आजी," तन्वी म्हणाली.

"आणि मूळ? मूळ खंय हा?"

टाकलं असेल तिकडेच, असं मी म्हटलं. आई त्या रात्री जेवल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, म्हातारपण.

डबी

तन्वी आता अकरावीत आहे. दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, जावं लागणार. ती मोठ्याने बोलते, जरा जास्तच. आज ती मला फोटो उतरवायला मदत करत होती. आत्याचा फोटो तिने भिंतीवरून उतरवला तशा आई आतून आल्या. "तो नको. तो रवांदे तिथेच."

"आजी, भिंतीला रंग द्यायचाय."

जुना काळा-पांढरा फोटो. चाळीच्या दारात खुर्चीवर बसलेली बाई, वीस-बावीसची. पदराचं टोक ओठांवर. सगळे म्हणायचे, आत्या फार लाजाळू. तन्वी फोटो पुसत होती ती थांबली. खूप वेळ बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "ही लाजत नाहीये."

"म्हणजे?"

"बोटं बघ. पदर धरलेला नाहीये, दाबलाय. आणि जिभेने दात मागून धरलेत, हनुवटी बघ कशी झालीय. मी असंच करायचे." तिने करून दाखवलं. ओठ मिटले, हनुवटी तशीच झाली, आणि क्षणभर फोटोतलीच बाई माझ्यासमोर फडकं घेऊन उभी राहिली.

आई आत गेल्या. आपल्या लोखंडी कपाटातून, साड्यांच्या खालून, ही डबी काढून आणली आणि तन्वीच्या नव्हे, माझ्या हातात दिली. हलवली तर आत खडखडलं.

डबीत दात होते. पिवळे पडलेले, लांब मुळांचे.

आई मालवणीत सांगत गेल्या आणि रडत गेल्या. आत्याचा पहिला दात पडला तेव्हा ती तन्वीएवढीच होती. मग एकेक करून पुढचे सगळे. बघायला आलेल्या स्थळांसमोर ती तोंड उघडेना, म्हणून लग्न झालं नाही. पडलेले दात तिने जपून ठेवले, कारण माणूस जाताना अख्खं जावं, चितेवर दातही बरोबर ठेवावेत, असं त्यांच्यात मानायचे. तिने डबी वहिनीकडे, म्हणजे आईंकडे सोपवली होती.

"आणि मी ठेवूक इसारलंय," आई म्हणाल्या. "घाईत न्हेली तिका. घरी इल्यावर ट्रंकेत डबी. मग मी कोणाक सांगूक नाय. ती अर्धीच गेली. म्हणान तन्वीचे दात मागता. तुम्ही डॉक्टर डॉक्टर करीत होतास आणि माका ठावक होता, कोण न्हेता ते."

म्हणजे हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर त्या खोलीतच बसलं होतं. पदराआड.

मला राग आला होता, पण ओरडून काय मिळणार होतं? तन्वीने एक दात उचलून खिडकीपाशी नेला. हातात धरायला मी कचरले, ती नाही. "कीड नाही. मूळ अख्खं. तुटलेला नाही, सुटलेला आहे," ती म्हणाली. वर्षभर ऐकून पोरगी शिकली आहे. मग तिने दात डबीत टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"सानू," ती म्हणाली.

सानिका, बोरिवलीच्या दिराची मुलगी. तेरा वर्षांची. परवा भाऊबीजेला आम्ही तिच्याकडे होतो. तन्वीने फोनमधला त्या दिवसाचा फोटो उघडून दाखवला. सगळे हसतायत, सानूच्या तोंडावर हात. आईच त्या दिवशी म्हणाल्या होत्या, किती गुणी झाली. आणि चकली तिने चहात भिजवून खाल्ली. मला दिसलं होतं. चकली कडक होती, मीही भिजवली होती, म्हणून पुढे काही मनात आलं नाही.

सुधीर कामावरून आल्यावर त्याला डबी दाखवली. त्याने झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. मग म्हणाला, "फोनवर सांगूया. हळूहळू. रेश्मा घाबरेल." रेश्मा म्हणजे सानूची आई, माझी धाकटी जाऊ.

"नको सांगू," आई म्हणाल्या. "दोन दोन चेडवां घरात. लग्नाच्या वेळी लोक दातच मोजतले."

"आजी, मोजू दे की," तन्वी म्हणाली. "मोजायला राहिले तर मोजतील."

शेवटी आईंनी एकच अट घातली. दात पाण्यात सोडायचे, उद्याच. मी म्हटलं, सोडू. आधी सानूचा एक्स-रे, मग तुमची खाडी. आईंनी डबी टेबलावर ठेवली. तिथेच आहे. तन्वी आत अभ्यासाला बसली आहे आणि गुणगुणते आहे. आई दाराकडे बघत नाहीत, पण ऐकत आहेत. मीही.

७ नोव्हेंबर

सकाळी रंगाऱ्याला फोन करून सोमवारी ये म्हटलं. सुधीरने गाडी काढली. लिंक रोडने दिंडोशीकडे निघालो. डबी आईंच्या मांडीवर होती आणि प्रत्येक खड्ड्याला खडखडत होती.

रेश्माने दार उघडलं. "वहिनी? अगं, सकाळी सकाळी सगळे? कोण गेलं?"

"कोणी नाही. सानू कुठे आहे?"

सानू शाळेच्या कपड्यांत, केस अर्धे विंचरलेले. तोंडासमोर लगेच हात. तन्वी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि आपला खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढला. "हा बघ. हा मेलेला आहे. तारेवर टांगलाय. हलवून बघ."

"ई! खरंच?"

"हात लाव. लाव गं, चावत नाही."

सानूने हात लावला. त्यासाठी तिला तोंडावरचा हात काढावा लागला. मी तिच्या पुढच्या दातांत बघितलं. फट होती. बारीक, पण होती. रेश्माने माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी आहे हे ओळखलं, मग मी तिला डबीपासून सगळं सांगितलं.

स्टेशनजवळ एक्स-रे काढला आणि तिथूनच फिल्मचा फोटो तन्वीच्या डॉक्टरांना पाठवला. आम्ही फुटपाथवर उभे. उत्तर आलं ते मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "सुरुवात झालीय. पण हाड अजून आहे. उद्याच आणा."

रेश्मा रडली. मी तिला उद्या काय काय आणायचं ते सांगितलं, त्याने ती थांबली.

मग गोराईच्या जेट्टीवर गेलो. ओहोटी लागली होती, बोट नुकतीच सुटली होती. आई अगदी कडेला गेल्या आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं पदराआडून घालता येत नाही, देवाला ऐकू जावं लागतं. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तुझा होता ता तुका दिला गो वन्सं! आता आमच्या चेडवांचा ठेव!" बोटीतली माणसं वळून बघायला लागली.

डबी उलटी केली. दात गढूळ पाण्यात गेले, आवाजही झाला नाही. एक मात्र डबीच्या तळाला चिकटून बसला. आईंनी डबी आपटली, तो सुटेना. त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं.

मी डबी घेतली, नखाने खरवडून तो दात सोडवला आणि जमेल तितका लांब फेकला. मग सानूच्या उद्याच्या वेळेसाठी हॉस्पिटलला फोन लावला.